चित्राखालची नावे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी छापील चित्रे जमवणाऱ्यांना एक सवय असते. ते आधी चित्राची खालची कड बघतात आणि मग चित्र. दोनशे वर्षांपूर्वीच्या पशुपक्ष्यांच्या चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक नाव असते आणि त्यापुढे 'डेल.' असे लिहिलेले असते. उजव्या कोपऱ्यात दुसरे नाव आणि त्यापुढे 'स्कल्प.'. ही लॅटिन शब्दांची लघुरूपे आहेत. पहिल्याचा अर्थ 'याने रेखाटले', दुसऱ्याचा अर्थ 'याने कोरले'.

दोन नावे असण्याचे कारण साधे आहे. चित्र काढणारा एक आणि ते छपाईसाठी तयार करणारा दुसरा. चित्रकाराने कागदावर प्राणी काढून दिला की कोरणारा कारागीर तो तांब्याच्या पत्र्यावर उलटा उतरवून घ्यायचा आणि टोकदार हत्याराने रेघ न रेघ कोरायचा. पत्र्याला शाई लावून तो पुसला की कोरलेल्या रेघांत तेवढी शाई शिल्लक राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला की चित्र उमटते. नंतर रंग हाताने भरायचे, आणि ते काम तिसऱ्याच माणसाचे. पुढे दगडावर चित्र काढून छापायची युक्ती निघाली. तीच आपली शिळाछाप. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोथ्या त्याच पद्धतीने छापलेल्या असत.

म्हणजे एका चित्रामागे निदान तीन माणसे उभी. पण आणखी एक माणूस असतो, ज्याला कोणताच कोपरा मिळत नाही. ज्याने तो प्राणी पकडून आणला आणि 'याला अमुक म्हणतात' असे सांगितले, तो माणूस. मला आज त्याच्याविषयी बोलायचे आहे. त्यासाठी आपल्याला शिरूर आणि दौंडच्या नदीकाठी जायचे आहे. मात्र वाट जरा लांबची आहे. ती गोव्यावरून आणि पर्वतीच्या पायथ्यावरून जाते.

सन १५१५च्या जानेवारीत गोव्याहून एक जहाज निघाले. त्यावर एक गेंडा होता. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याच्याकडून तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट मिळाला होता आणि अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे धाडला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्याची बातमी पत्रांमधून सर्वत्र गेली. जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा थोर चित्रकार राहत होता. त्याच्या हाती असे एक वर्णन आणि एक कच्चे रेखाटन पडले. तेवढ्यावर त्याने गेंड्याचे चित्र काढले आणि त्यावरून लाकडी ठसा तयार झाला.

ड्यूररने गेंडा पाहिलेला नव्हता. त्याच्या चित्रातल्या गेंड्याच्या अंगावर लढाईतल्या घोड्याला घालावे तसे चिलखत आहे, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे पाठीवर एक जास्तीचे छोटे शिंग आहे. चित्र मात्र इतके जोरकस की त्याच्या हजारो प्रती खपल्या. पुढे जवळपास अडीचशे वर्षे युरोपातले ग्रंथकार त्याचीच नक्कल करत राहिले. पाठीवरचे ते नसलेले शिंग एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिले. खरा गेंडा बिचारा १५१६च्या सुरुवातीला पोपकडे भेट म्हणून जाताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. तो बुडाला तरी त्याचे नाव टिकले. पोर्तुगीज त्याला 'गंडा' म्हणत, आणि हे नाव त्यांना आपल्याकडूनच मिळालेले होते. चित्र चुकले होते, नाव मात्र बरोबर होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता पुण्याला येऊ. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना प्राण्यांचा फार शौक. त्या शिकारखान्यातही गेंडा होता. १७८६ साली सर चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुणे दरबारी आला. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा पुण्याचाच चित्रकार होता. १७९० साली या गंगारामने पेशव्यांच्या गेंड्याचे जलरंगात चित्र काढले. आज ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. त्यात चिलखत नाही आणि पाठीवर शिंगही नाही. कातडीच्या जाड घड्या, जड पाय, एकच शिंग. समोर उभे असलेले जनावर जसे दिसले तसे काढलेले.

ड्यूरर जगातल्या पहिल्या रांगेतला कलावंत. गंगारामचे नाव शाळेच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. पण गेंडा कोणाचा खरा, असे विचारले तर उत्तर पुण्याच्या बाजूने द्यावे लागते, कारण गंगाराम गेंड्यासमोर उभा होता. त्याचे नाव आपल्याला कळते तेही त्याच्या चित्रांबरोबर त्याच्या नावाची नोंद राहिली म्हणून. ती नोंद नसती तर 'एक देशी चित्रकार' एवढ्यावर त्याची बोळवण झाली असती. तशी बोळवण झालेले कितीतरी आहेत.

पेशवाई गेली आणि १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने विल्यम हेन्री सायक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला एक काम दिले. दख्खनच्या मुलखाची सांख्यिक माहिती गोळा करायची. खडकीच्या लढाईत सायक्स इंग्रजांच्या बाजूने लढला होता. मुलूख त्याच्या ओळखीचा होता. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड हे जिल्हे तो फिरला. माणसे, पिके, जमिनी, पाऊसपाणी यांच्या नोंदी त्याने केल्याच, पण त्याबरोबर पशू, पक्षी आणि मासेही टिपले. १८२९ साली सरकारने ही जागाच रद्द केली. सायक्सने पुढे वर्षभर बिनपगारी राहून काम पुरे केले आणि १८३१ मध्ये तो मायदेशी गेला.

त्याच्या नोंदींतले प्राणी आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत. नदीकाठी पाय न हलवता बसणारा वंचक, म्हणजे लहान बगळा, त्याला शास्त्रात पहिल्यांदा नाव सायक्सने १८३२ साली दिले. बोरीबाभळीत वटवट करणारा राखी वटवट्या, तोही त्याचाच. दौंडच्या शेजारी सुप्याच्या माळावर आज मयूरेश्वर अभयारण्यात जे चिंकारा हरीण दिसते, त्याचे शास्त्रीय नावही सायक्सने दिलेले. मराठी माणसे त्या हरणाला शेपटीवरून काळशिपी म्हणत, हेही त्याने टिपून ठेवले. पण शास्त्रात नाव दिले ते मात्र लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतल्या बेनेट यांचे.

माशांच्या बाबतीत त्याने वेगळी रीत धरली. दख्खनच्या चाळीसहून अधिक माशांवरचा त्याचा निबंध १८३८ साली लंडनला प्राणिशास्त्र संस्थेत वाचला गेला आणि १८४१ साली संस्थेच्या ग्रंथात चित्रांसह प्रसिद्ध झाला. ते मासे कुठले? मुळा-मुठेचे, इंद्रायणीचे, घोडनदीचे आणि भीमेचे. नकाशा डोळ्यांपुढे आणा. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. मुळा-मुठा खाली रांजणगाव सांडसला मिळते. शिरूरवरून वाहणारी घोडनदी दौंडच्या वरच्या अंगाला भीमेत येते. म्हणजे त्या निबंधातले बहुतेक पाणी शेवटी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहते.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलो तेव्हा या माशांची शास्त्रीय नावे पाठ केली होती. टाक्री, सिंघाला, सिंगटी, खुद्री, नुक्टा, कोलस, मुल्ल्या, गुंगवारी. ही सगळी लॅटिन नावे आहेत अशी माझी पक्की समजूत होती. परीक्षेत त्यांच्याखाली रेघ ओढायची असते, ती मी इमानेइतबारे ओढली. पुढे कित्येक वर्षांनी सायक्सचा निबंध हाती आला तेव्हा मला माझीच लाज वाटली. सिंघाला म्हणजे आपला शिंगाळा! सिंगटी म्हणजे शिंगटी! लॅटिन कसले, ही तर भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची मराठी नावे. सायक्सने ती ऐकली, इंग्रजी अक्षरांत उतरवली आणि तशीच शास्त्राला देऊन टाकली.

त्याच्या कानाची एक गंमत मला नंतर लक्षात आली. शिरूरची घोडनदी तो 'गोरे' अशी लिहितो. भीमेकाठचे एक गाव त्याने 'पैरगाव' म्हणून नोंदले आहे. ते म्हणजे दौंडच्या खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडच्या तीरावर, श्रीगोंदे तालुक्यातले पेडगाव, बहादूरगडाचे पेडगाव. 'घोड'चे 'गोरे' आणि 'पेड'चे 'पैर'. आपला 'ड' त्याला 'र' ऐकू येत होता. तेव्हा त्याच्या माशांच्या नावांतही जिथे 'र' आहे तिथे मुळात 'ड' असू शकेल, हे धरूनच ती वाचायला हवीत. पुस्तकात बघून ते कळणार नाही. नदीवर जाऊन, तोंडाने उच्चारून आणि समोरच्याच्या तोंडून ऐकूनच कळेल.

पेडगावच्या भीमेतून त्याने घेतलेल्या दोन माशांना त्याने 'रोहटी' या गणात घातले. रोहटी हाही इथलाच शब्द. त्यांपैकी एक 'रोहटी ओगिल्बी' आणि दुसरा 'रोहटी व्हिगॉर्सी'. ओगिल्बी आणि व्हिगॉर्स हे लंडनच्या संस्थेतले प्राणिशास्त्रज्ञ. म्हणजे नाव भीमेच्या भोयाचे आणि आडनाव लंडनच्या साहेबाचे! दुसऱ्या माशाचा गण शास्त्रज्ञांनी पुढे बदलला. पहिला आजही शास्त्रात 'रोहटी' म्हणूनच ओळखला जातो.

या व्हिगॉर्स साहेबांवरून एक आठवण सांगायला हवी. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाचे हिमालयातल्या पक्ष्यांवरचे पहिले मोठे चित्रमय पुस्तक १८३०च्या सुमारास निघाले. त्यातला मजकूर व्हिगॉर्स यांनी लिहिला. पुस्तकावर नाव गूल्डचे. पण त्यातली ऐंशी चित्रे दगडावर उतरवली ती त्याची पत्नी एलिझाबेथ हिने. शिळाछापाची कला ती त्यासाठी मुद्दाम शिकली. १८४१ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, ती बाळंतपणानंतर गेली. गूल्डचे नाव जगभर झाले. एलिझाबेथला मिळाली ती चित्राखालच्या कडेची जागा. पण ती जागा तरी मिळाली, म्हणून आज तिच्यावर लिहिले जाते आणि तिची चित्रे तिच्या नावाने ओळखली जातात.

पेडगावच्या आणि शिरूरच्या मासेमाऱ्यांना तेवढीही जागा मिळाली नाही. निबंध सायक्सच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे. मेहनत त्याची होती. पण कंपनी सरकारच्या साहेबाला टाक्री कोणती आणि खुद्री कोणती हे कोण सांगणार? ज्याचे जाळे तोच. बाजारात एकाच ढिगात पडलेल्या, आपल्याला सारख्याच दिसणाऱ्या दोन माशांना दोन वेगळी नावे असतात. त्या नावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. सायक्सचे मोठेपण हे की त्याने ते निरीक्षण निरीक्षण म्हणून ओळखले. म्हणूनच मला वाटते, ती मराठी नावे म्हणजे त्या निनावी माणसांची चित्राखालची सही आहे.

ही नुसती भावनेची बाब नाही. शिरूरच्या एका माशाची कथा ऐका. सायक्सने घोडनदीतून शिरूर इथे घेतलेल्या एका मोठ्या माशाला 'मुसुल्ला' असे नाव दिले. त्याने वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उरलेले नाहीत. उरले ते शब्द आणि चित्रे. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांचा गोंधळ उडाला. अनेकांनी 'मुसुल्ला' हा महसीर जातीचा मासा धरला. मग दूर दक्षिणेत कावेरीत पाठीला उंचवटा असलेला जो प्रचंड महसीर सापडतो, त्यालाही पुस्तकांतून हेच शिरूरचे नाव चिकटले. १८७५ ते १८७८ या काळात फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला, त्यानंतरही हा गुंता सुटला नाही. तो चांगला शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. २०१३ साली संशोधकांनी सायक्सचा मजकूर पुन्हा बारकाईने तपासला, कृष्णेच्या खोऱ्यातले मासे ताडून पाहिले आणि दाखवून दिले की शिरूरचा मुसुल्ला महसीर नाहीच, तो वेगळ्या गणातला आहे.

मग कावेरीच्या त्या महसीराचे नाव काय? त्याला बरोबर नाव मिळायला २०१८ साल उजाडले. तोवर तो इतका कमी झाला होता की जागतिक यादीत त्याची नोंद अतिशय धोक्यात असलेला मासा म्हणून झाली. ज्याला बरोबर नाव नाही त्याला वाचवायचे तरी कोणत्या नावाने? कागदावर जो मासा नाही, त्याच्यासाठी नियम होत नाही आणि पैसाही मंजूर होत नाही. गेंड्याच्या पाठीवरचे खोटे शिंग अडीचशे वर्षे टिकले त्याने गेंड्याचे काही बिघडले नाही. शिरूरच्या माशाचे नाव चुकीच्या जागी जाऊन बसले, त्याने मात्र कावेरीच्या माशाला फार महागात पडले.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सायक्सच्या चित्रांच्या झेरॉक्स प्रती घेऊन मी भीमेच्या काठी गेलो होतो. जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्कर भोईबाबांपुढे कागद ठेवले. त्यांनी चष्मा नसल्यामुळे कागद हातभर लांब धरला.

"ह्यो शिंगाळा," ते म्हणाले. "मिशा बराबर काढल्यात."

पुढच्या कागदावर ते थांबले. "ह्यो आमच्या वडलांच्या वक्ताला गावायचा. म्या ल्हानपनी बघितलाय."

मी त्यांना नाव विचारले. त्यांनी सांगितले ते पुस्तकातल्या नावाशी जुळत नव्हते. मी वहीत दोन्ही लिहून घेतली. तिसरा कागद त्यांनी बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत दिला. मग मला विचारले, "हे छापलंय कुनी?"

मी म्हटले, "बाबा, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका साहेबानं."

"आन्‌ मासं धरलं कुनी?"

मला उत्तर देता आले नाही.

त्या नद्या आता सायक्सने पाहिल्या तशा राहिलेल्या नाहीत. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोडनदीवर १९६५ साली धरण झाले. खाली उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भिगवणच्या परिसरात भीमेचे वाहते पाणी थांबले. धरणांनी शेतीचे कल्याण केले हे मी नाकारत नाही. या भागातला ऊस आणि त्यावर उभे राहिलेले संसार मी पाहिले आहेत. पण वाहत्या पाण्यात, खडकाळ तळावर जगणाऱ्या माशाला साचलेले पाणी मानवत नाही. त्यात पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीतून याच भीमेत येते. जलाशयांत बाहेरून आणलेले कटला-रोहू सोडले गेले आणि तिलापिया तर न सांगता पसरला. सायक्सचा नुक्टा आज धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. मासा जाळ्यात येईनासा झाला की त्याचे नाव आधी बाजारातून जाते आणि मग घरातून. नातवाला जो मासा दाखवता येत नाही, त्याचे नाव आजोबा कशाला सांगतील?

जुनी चित्रे फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची हौस आता आपल्याकडेही आली आहे. चांगली हौस आहे. माझे म्हणणे एवढेच की चित्र घेताना खालची नावे वाचा आणि मग प्राण्याचे नाव मोठ्याने वाचून पाहा. कदाचित ते तुमच्या गावचे असेल. आणि शिरूर, दौंड, पेडगावच्या बाजूला ज्यांचे घर आहे, ज्यांच्या शाळा-महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले जाते, त्यांना एक काम सांगतो. नदीवर जाळे टाकणारी जी म्हातारी माणसे अजून आहेत त्यांच्याजवळ बसा. माशाचा फोटो काढा, त्यांनी सांगितलेले नाव आपल्याच लिपीत, जसे ऐकू येईल तसे लिहा. आपल्याला 'ड' आणि 'र' वेगळे ऐकू येतात, तेवढा आपला फायदा. आणि त्या नावाशेजारी सांगणाऱ्याला विचारून त्याचेही नाव लिहा. माझ्या वहीत त्या बाबांनी सांगितलेली नावे आहेत. बाबांचे नाव विचारायचे मात्र मी त्या दिवशी विसरलो.